वाडग्यावरची दुआ

फार पूर्वी खुरासान मुलखातल्या एका गावात बुंदार नावाचा कुंभार राहत होता. त्याचे वाडगे पांढरेशुभ्र, आणि काठावरून काळ्या रंगात गोल फिरवलेली दुआ. तिकडे रोजच्या शोरब्याच्या वाडग्यावरसुद्धा अशी दुआ लिहायची पद्धतच होती. बुंदारचा हात असा बसलेला, की बघणारा बघतच राहायचा.

पण नीट अक्षर काढायला वेळ लागतो, आणि मागणी तर वाढत चाललेली. मग या पठ्ठ्याने एक शक्कल काढली. सरदार आणि मौलवी यांच्या वाडग्यांवर खरी अक्षरं. बाजारातल्या साध्या वाडग्यांवर नुसत्या रेघोट्या! दिसायला हुबेहूब अक्षरं, वाचायला जावं तर काहीच नाही. “हमालांना नि मोलकरणींना कुठे वाचता येतंय?” असं तो स्वतःशीच म्हणायचा. लबाड कुठला! आणि खरंच, कुणाला पत्तासुद्धा लागला नाही.

त्याच गावात माहबानू नावाची एक विधवा राहायची. शिवणकाम करून तिने एकुलती लेक वाढवली होती. तिने बुंदारकडून एक वाडगा घेतला, तेव्हा विचारलं, “काय लिहिलंय हो यावर, उस्ताद?”

बुंदारने मान वर न करताच ठोकून दिलं, “या घरात कुणी उपाशी न राहो.”

बाई हरखून गेली. त्या दिवसापासून जेवायला बसलं की ती वाडग्याच्या काठावरून बोट फिरवायची आणि ते शब्द म्हणायची. चांगली आठ वर्षं.

पुढे लेकीचं लग्न ठरलं, तेही मकतबात मुलांना शिकवणाऱ्या मौलवींच्या मुलाशी. लग्नाच्या आदल्या दिवशी माहबानू एक मोठं कापड घेऊन बुंदारकडे आली. लग्नाच्या जेवणाला अंथरायचा दस्तरखान होता तो. त्याच्या चारी काठांवर तिने वाडग्यावरची दुआ काळ्या रेशमाने भरली होती.

“तुमच्या वाडग्यावरून बघून बघून भरलंय, उस्ताद. सहा महिने लागले. एखादं अक्षर चुकलं असेल तर सांगा, आत्ता उसवते. उद्या जेवणाआधी व्याही ही दुआ मोठ्याने वाचणार. रीतच आहे ना आपली!”

बुंदारने कापड उलगडून पाहिलं. त्याने घाईत ओढलेली एकेक रेघ तिने जशीच्या तशी उतरवली होती. एके ठिकाणी त्याचा कुंचला घसरून ठिपका पडला होता, तोही तिने जपून भरला होता. खरं सांगावं? पण मग गावभर छी-थू होईल. त्याची जीभ रेटेना.

“अगदी बरोबर आहे,” तो पुटपुटला.

“अल्ला तुमचं भलं करो! उद्या जेवायला यायचं हं,” असं म्हणून बाई आनंदात घरी गेली. बुंदारला त्या दिवशी घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी माहबानूने त्याला मानाने पुढे बसवलं. दस्तरखान अंथरला. मौलवी दुआ वाचायला वाकले, अडखळले, कापड फिरवून पुन्हा पाहू लागले. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी फिसकन हसलं.

“विहीणबाई,” मौलवी हळूच म्हणाले, “यात तर एकही शब्द नाही.”

माहबानूचा चेहरा खर्रकन उतरला. तिकडे लेकीने मान खाली घातली. “माझंच चुकलं असेल,” माहबानू घाईघाईने म्हणाली. “उस्तादांची अक्षरं सोन्यासारखी. माझाच हात अडाणी.”

इथे नुसता गप्प बसला असता तरी बुंदार साफ सुटला असता, बरं का. पण ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उभा राहिला.

“हिचा एक टाकाही चुकलेला नाही,” तो म्हणाला. “मीच काही लिहिलं नव्हतं. हिला वाचता येत नाही म्हणून फसवलं. हिलाच नव्हे, निम्म्या गावाला. काल हिने विचारलं, तेव्हाही खोटं बोललो. मला लाज वाटते.”

पाहुणे माना वळवून त्याच्याकडे बघू लागले. चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

माहबानूने एवढंच विचारलं, “मग आठ वर्षं मी कशावरून बोट फिरवत होते, उस्ताद?”

बुंदार न जेवताच निघाला. मागून त्याला मौलवींचा आवाज ऐकू आला, “विहीणबाई, तुमची दुआ तुम्हीच सांगा. आम्ही तुमच्यामागून म्हणतो.” आणि सगळ्या पाहुण्यांनी एका सुरात म्हटलं, “या घरात कुणी उपाशी न राहो.”

काही दिवसांनी बुंदार नवा वाडगा घेऊन माहबानूच्या दारात गेला. या वेळी त्याने एकेक अक्षर मन लावून काढलं होतं. तिने वाडगा घेतला. “थांबा हं जरा,” म्हणाली आणि तशीच समोरच्या गल्लीतल्या मौलवींच्या घरी गेली. बुंदार दारातच उभा राहिला.

थोड्या वेळाने ती परत आली. “हो, लिहिलंय,” म्हणाली आणि आत गेली.

बुंदार पुढे जन्मभर खरीच अक्षरं लिहीत राहिला. पण गावातला प्रत्येक माणूस त्याचा वाडगा आधी मकतबात नेई, वाचून घेई आणि मगच घरी जाई. बुंदार ते रोज बघायचा आणि रोज मान खाली घालायचा.

तात्पर्य: ज्याला आपली लबाडी ओळखता येत नाही, त्याच्याशी वागतानाच आपला खरेपणा पारखला जातो.