रखमाजीचा आग्रह

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती कोणत्या राज्यात घडली हे आता कुणालाच सांगता येत नाही. पण गोष्टीला राज्य लागतं, म्हणून होतं एक राज्य, आणि त्यात होतं एक गाव.

त्या गावात रखमाजी नावाचा वाढपी होता. लग्न असो की बारसं, पंगत बसली की रखमाजी हवाच. स्वयंपाक चांगला करणारे पुष्कळ होते, पण आग्रह करावा तो रखमाजीनेच. पाहुण्याने पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले, तरी पुरणपोळी वाढल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. "माझ्या गळ्याची शपथ," म्हणायचा, आणि पाहुण्याचे हात आपोआप बाजूला व्हायचे. जेवून लोक सहज उठू शकले, तर ती पंगत त्या गावात यथातथाच समजली जाई. असं एकेका गावाचं असतं, आपण काय बोलणार.

गावचा पाटील हा रखमाजीचा लहानपणापासूनचा मित्र. चारचौघांत रखमाजी त्याला अहोजाहो करी, एकटे असले की अरेतुरे. पाटलाला खायची हौस आणि रखमाजीला वाढायची, त्यामुळे दोघांचं मेतकूट चांगलं जमलं होतं.

पुढे व्हायचं तेच झालं. पाटलाच्या पायांवर सूज आली, थोडं चाललं तरी धाप लागू लागली. वैद्यबुवा आले. नाडी पाहून त्यांनी पाटलीणबाईंना बाजूला नेलं. औषध देतो, पण जेवण सुधारलं नाही तर पाटील फार दिवस काढायचे नाहीत, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

हे रखमाजीच्या कानावर आलं आणि त्याला अन्न गोड लागेना. आपल्याच हाताने आपण मित्राला या थराला आणलं, हे त्याच्या मनाला फार लागलं. त्याने वाढप्याचं काम सोडलं आणि वैद्यबुवांकडे जाऊन म्हणाला, "मला पथ्यपाणी शिकवा. उरलेला जन्म मी तेच काम करीन."

वैद्यबुवांना हसू आलं. पण औषध देण्यापलीकडे त्यांना सवड नसे. रोगी घरी जाऊन काय खातो, हे पाहणारा कुणीतरी त्यांनाही हवाच होता. कुणाला काय पचतं, कोणत्या ऋतूत काय खावं, हलकं काय, जड काय, सगळं त्यांनी त्याला शिकवलं. रखमाजीने मन लावून शिकून घेतलं. गावाला मात्र करमणूक झाली. ज्याने अख्ख्या गावाची पोटं वाढवली, तो आता ती कमी करायला निघालाय, असं लोक पारावर बसून म्हणत. खोटं नव्हतं ते.

शिकून होताच रखमाजी गेला तो थेट पाटलाकडे. पाटलाचं जेवण त्याने आपल्या हाती घेतलं. तूप गेलं, पुरणपोळी गेली. ज्वारीची भाकरी, मुगाचं कढण, दुधीची भाजी आणि ताक आलं. सगळं वैद्यबुवांनी शिकवल्याबरहुकूम. पण पाटलाने एक वाटी कढण संपवलं, की रखमाजी लगेच दुसरी वाढी. पाटील नको म्हणाला, तर हे औषधच आहे, याने काही होत नाही, असं सांगून रखमाजी वर गळ्याची शपथ घाली. भाकरीचंही तेच. पाटील बिचारा त्या शपथेपुढे कधी टिकला होता? खात राहिला.

सूज उतरायची ती गुडघ्यापर्यंत चढली. पाटलाने अंथरूण धरलं. रखमाजीचं धाबं दणाणलं. शिकण्यात काही राहिलं का, कढणात काही चुकलं का, तो पुन्हा पुन्हा आठवून पाहू लागला. चूक काही सापडेना. मग त्याने आणखीच जोर लावला. घाबरलेला माणूस बहुधा तेच करतो.

एके दुपारी तो अशीच वाटी पुन्हा भरत होता. पाटलीणबाई दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. इतक्या दिवसांत त्या कुणाला वावगा शब्द बोलल्या नव्हत्या. आता मात्र त्यांना राहवलं नाही.

"भावोजी, तुम्ही भांड्यातलं बदललंत. हात तोच आहे."

रखमाजी थांबला. त्याने मित्राच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं तो पानाकडेच बघत आला होता. जेवणाऱ्याचं तोंड त्याने असं कधी निरखलंच नव्हतं. पाटलाच्या डोळ्यांत पाणी होतं.

वाटी बाजूला ठेवून रखमाजी जमिनीवर बसला. "तुला भूक आहे का रे?" त्याने विचारलं.

पाटलाने डोळे पुसले. मग म्हणाला, "हे मला आजवर कुणी विचारलं नाही. भूक कशी असते, तेही आता आठवत नाही."

"मग आपण तिची वाट बघू," रखमाजी म्हणाला.

त्या दुपारी पाटील जेवला नाही. संध्याकाळीही नाही. पाटलीणबाईंचा जीव टांगणीला लागला. रखमाजीचे हात शिवशिवत होते, पण त्याने ते मांडीखाली दाबून धरले. सकाळी पाटलाने आपण होऊन हाक मारली आणि भाकरी मागितली. अर्धी खाल्ली आणि म्हणाला, "पुरे."

रखमाजीने उरलेली अर्धी मुकाट्याने उचलली. जन्मात पहिल्यांदाच त्याने कुणाचं पुरे ऐकलं होतं. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि पोटभर रडला.

पाटलाची सूज हळूहळू उतरली, आणि तो पुढे पुष्कळ वर्षं जगला. ते पाहून एकेक जण रखमाजीकडे सल्ल्याला येऊ लागला. तो आधी त्याचं सगळं ऐकून घेई, मगच बोले. जे येत नसत, त्यांच्या दारी तो जात नसे. हळूहळू गावच्या पंगतीही बदलल्या. या गावात कुणी आग्रहच करत नाही, अशी नावं बाहेरगावचे पाहुणे ठेवू लागले. गावातले लोक ते ऐकून घेत, आणि चांगले म्हातारे होऊन मरत.

म्हणून लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: ज्याचं भलं करायचं, त्याचं 'पुरे' आधी ऐकावं.