तलवारीशी लागलेलं लग्न

देवखिंड संस्थानच्या राजकन्या सरोजिनीराजे पार गोंधळल्या. लग्नघटका आली, बँड वाजला आणि मोटारीतून नवरदेवाऐवजी जरीच्या म्यानातली तलवार उतरली!

"रायतळचे महाराज शिकारीला गेलेत," त्यांचे कारभारी दाजीसाहेब मिशीला पीळ देत म्हणाले. "मोठ्या घराण्यांत अशीच रीत असते. ही तलवार म्हणजे साक्षात महाराज!"

अक्षता पडल्या. हार घालताना सरोजिनीराजेंना कळेना, नवऱ्याचं तोंड मुठीकडे की टोकाकडे?

पाठवणीच्या वेळी दाजीसाहेबांनी तलवार उचलली. "चला राणीसाहेब, सासरी."

"माझा गोंधळ होतोय, दाजीसाहेब. माझे यजमान हेच ना?"

"साक्षात हेच!"

"मग ठेवा त्यांना खाली. पाहुणचार घेतल्याशिवाय आम्ही जावयाला सोडत नाही. आणि माझा नवरा इथे असताना, रायतळला जे कोणी शिकार करत हिंडतायत, त्या परक्या पुरुषाच्या घरी मी कशी नांदायला जाऊ?"

दाजीसाहेब तारघराकडे पळाले. त्यांनी महाराजांना तार केली. महाराज शिकार सोडून धावत आले, तर देवडीवरच्या पहारेकऱ्याने त्यांना अदबीनं अडवलं.

"बसा जरा. जावईबापू आत जेवतायत."