हजार चंद्र आणि एक कावळा

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळे नवरे तसे गावोगाव असतात, पण केरबाचं भोळेपण पंचक्रोशीत नावाजलेलं. त्याला एकदा सांगितलेली गोष्ट तो जन्मात विसरायचा नाही. सगळी पंचाईत तिथंच होती.

त्याची बायको मालन सणासमारंभाला खाऊच्या फळ्या सजवून द्यायची. लाकडाची फळी घ्यायची आणि तिच्यावर फराळातून अख्खं चित्र उभं करायचं. शेवेची झाडं, चिवड्याचं शेत, चकलीची चाकं. मालनच्या फळीला हात लावायला जीव होत नाही आणि एकदा लावला की हात थांबत नाही, असं गाव म्हणायचं. अशी फळी पोचवायची तर माणूस सांभाळून चालणारा हवा. केरबा भरली फळी डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायचा, तरी शेवेची काडी हलायची नाही. डोक्यावर काय आहे याची काळजी त्याला. डोक्यात काय आहे याची काळजी मालनला.

मालनची एकच हौस राहिली होती. तिच्या स्वतःच्या लग्नात रुखवत म्हणून बुंदीच्या लाडवांचं एक ताट मांडलं होतं, आणि ते ताटसुद्धा शेजारणीचं. सासरच्या आत्याबाई अजून तो विषय काढायच्या. एकदा तरी आपल्या हातानं पाच टेबलं भरून रुखवत मांडायचं आणि गावानं तोंडात बोट घालून बघायचं, एवढं तिला हवं होतं.

दिवाळीत तिनं मास्तरांसाठी किल्ला केला. चकल्यांचे बुरूज, लाडवांचे तोफगोळे.

"मास्तरांच्या घरी द्या," ती म्हणाली, "आणि फळी रिकामी झाली की घेऊन या."

मास्तरीणबाईंनी फराळ डब्यात काढला आणि रीतीप्रमाणे फळीवर चार पेरू ठेवले. केरबानं फळीकडं पाहिलं. ती रिकामी नव्हती. त्यानं दारातच उभं राहून चारही पेरू खाल्ले आणि फळी रिकामी झाल्यावर घरी आणली.

"अवो, दुसऱ्याच्या घरनं ताट रिकामं आणू नये!" मालन म्हणाली. "कायतरी घेऊनच यावं. लक्ष्मी असती ती."

"बरं. ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला.

आणि ठेवलं.

पुढच्याच महिन्यात सुताराच्या लेकीचं डोहाळजेवण आलं. मालननं शंकरपाळ्यांची होडी केली, तिला पापडाचं शीड. बायकांनी होडी बघता बघता फस्त केली. पण गडबडीत फळीवर काही ठेवायचं कुणाला सुचलं नाही. केरबानं वाट पाहिली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. समोर सुताराची लेक बसली होती, नुकती ओटी भरलेली. केरबानं तिच्या ओटीतला नारळ उचलला, फळीवर ठेवला आणि चालू पडला. मुलीची सासू मारुतीच्या देवळापर्यंत मागं धावत आली.

"अवो, गरोदर बाईच्या ओटीतनं काढत्यात व्हय!" मालननं कपाळावर हात मारला. "जिचा सोहळा तिच्या ओटीत घालायचं असतं. भरभरून!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं.

संक्रांत झाली. शिंप्याच्या नातवाचं बोरन्हाण होतं. मालननं पतंग केला: चुरमुरे, बोरं, हलवा आणि शेपटीला उसाचे करवे. पोरगं वर्षाचं, काळं झबलं घालून पाटावर बसलेलं. केरबानं फळी खाली ठेवली आणि पोराचा पदर शोधला. पदर नव्हता. चड्डी होती. केरबानं चड्डीचं इलॅस्टिक ताणलं आणि भरभरून ओटी भरली. आधी चुरमुरे, मग बोरं, उसाचे करवे सर्वांत शेवटी. पोरगं उठायला गेलं आणि धपकन खाली बसलं. कुर्रकन आवाज झाला. मग जो टाहो फुटला तो वेशीपर्यंत ऐकू आला.

"अवो, बोरन्हाणाला डोक्यावरनं ओतत्यात!" मालन म्हणाली. "ज्याचं कौतुक त्याच्या डोक्यावर ओतायचं आणि बाकीच्यांनी गोळा करून खायचं!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

पुढं काय झालं ते पोस्टमास्तरांना विचारू नका. ते मे महिन्यात निवृत्त झाले. मालननं त्यांच्यासाठी बिटाच्या वड्यांची लालभडक पत्रपेटी केली आणि शेजारी श्रीखंडाचं पातेलं ठेवलं. पोस्टमास्तरांना टक्कल होतं. श्रीखंड कानापर्यंत घसरत आलं आणि तिथं थांबलं. गोळा करून खायला कुणी पुढं येईना. म्हणून केरबानंच दोन बोटं चाटली आणि वेलदोडा छान लागतोय म्हणून सांगितलं.

मालननं दोन दिवस ते पातेलं आपटून आपटून घासलं. तिसऱ्या दिवशी बोलली.

"मोठ्या माणसाच्या म्होरं फळी ठेवायची. हात जोडायचे. शंभर वर्षं जगा म्हणायचं. बास!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं हो. पण मग भाद्रपद आला. गुरवांच्या आप्पांचं वर्षश्राद्ध होतं. आप्पांना मालनच्या हातचे वडे आवडायचे, म्हणून घरच्यांनी खास तिच्याकडूनच वडे आणि खीर मागवली. केरबा दारात जाऊन म्हणाला, "आप्पा कुटं हायती?"

आप्पांच्या मुलानं जड हातानं भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवलं. केरबानं फोटोपुढं फळी ठेवली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आप्पा, शंभर वर्षं जगा!"

आप्पांच्या बायकोनं तोंडात पदर कोंबला. ती रडत होती की हसत होती, हे कुणाला कळलं नाही.

त्या दिवशी मालननं त्याला समोर बसवलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "असल्या वडीलधाऱ्याचं ताट छपरावर ठेवायचं. काव काव करून कावळ्याला हाक मारायची. कावळा शिवला की मग बाकीच्यांनी जेवायचं. न्हाई शिवला, तर त्यांची काय इच्छा राहिलीया का बघायचं आणि ती पुरी करतो म्हणून घरच्यांनी शब्द द्यायचा. मग शिवतो. समजलं?"

"वडीलधाऱ्याचं ताट आधी कावळ्याला."

"व्हय," मालन म्हणाली. ती थकली होती. नाहीतर 'व्हय' म्हणाली नसती.

महिन्याभरात तात्या खोतांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. माणसानं ऐंशी ओलांडली, हजार पौर्णिमा पाहिल्या, की घरचे हा सोहळा करतात. तात्यांची सून सरोजिनीबाई स्वतः मालनच्या दारात आल्या. "तात्यांची फळी झकास झाली पाहिजे," त्या म्हणाल्या. "झाली, तर मार्गशीर्षात आमच्या मृणालचं रुखवत तुझं. पाच टेबलं."

मालनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती तीन दिवस राबली. दाराएवढ्या फळीवर हजार चंद्र मांडले. पुऱ्या, पेढे, अनारसे म्हणजे पौर्णिमेचे. करंज्या म्हणजे अष्टमीचे. मधे खोबऱ्याची पांढरी आकाशगंगा. सोहळ्याच्या सकाळी शेवटचा घाणा कढईत होता, म्हणून ती केरबाला म्हणाली, "तुम्ही व्हा म्होरं, मी आलेच. वडीलधाऱ्या माणसाचं ताट हाय. रीत पाळा."

"पाळतो की," केरबा म्हणाला.

मालन खोतांच्या फाटकात पोचली, तेव्हा अंगणात दोनशे माणसं माना वर करून उभी होती. मधोमध खुर्चीत फेटा बांधलेले तात्या. आणि कौलांवर, हजार चंद्रांच्या शेजारी, केरबा.

"काव! काव!" केरबा ओरडत होता.

पाचही टेबलं मालनला डोळ्यांपुढून जाताना दिसली.

"अगं बाई, जित्या माणसाला कावळा!" कुणीतरी म्हणालं. सरोजिनीबाई लालबुंद झाल्या. "उतर खाली! रुखवताचं नाव काढू नका आता!"

पण केरबा काळजीत होता. कावळा समोरच्या आंब्यावर बसला होता आणि शिवत नव्हता. केरबानं वरूनच हात जोडले.

"तात्या, तुमची काय इच्छा राहिलीया का?"

तात्यांनी वर पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग फेटा. ऐंशी वर्षांचा माणूस खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"राहिलीया की!" तात्या म्हणाले. "सहा वर्षं झाली, ह्या घरात मला कुणी करंजी दिली न्हाई."

"करंजी देऊ!" केरबा आंब्याकडं तोंड करून ओरडला.

कावळ्यानं मान फिरवली.

"आणखी कायतरी हाय, तात्या. लपवू नका."

तात्यांनी फाटकाकडं पाहिलं. तिथं मालन पदरानं डोळे पुसत उभी होती. "माझ्या नातीचं रुखवत," तात्या सावकाश म्हणाले, "ह्याच पोरीनं मांडावं. असला चंद्र मी हजार पौर्णिमांत बघितला न्हाई."

दोनशे माणसांनी सरोजिनीबाईंकडं पाहिलं. सरोजिनीबाईंनी आंब्याकडं पाहिलं. कावळा बसल्या जागी वाट बघत होता.

"अवो वैनी, द्या की शब्द," मागून कुणीतरी म्हणालं. "तात्या अडकल्यात!"

"मालनच मांडंल," सरोजिनीबाई दात आवळून म्हणाल्या.

कावळा उडाला, कौलांवर उतरला आणि अष्टमीचा एक चंद्र चोचीत धरून निघून गेला. अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. मालन हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. वर्षभरात पहिल्यांदाच केरबाचं काही बिनसलं नव्हतं.

केरबा फळी डोक्यावर घेऊन शिडीवरून उतरला. एक पेढा हलला नाही. तात्यांपुढं फळी ठेवून तो त्यांच्या पाया पडला आणि मोठ्या मायेनं म्हणाला,

"शिवला, तात्या. आता मागं काय राहिलं न्हाई. निवांत जावा."

मग तो दोनशे पाहुण्यांकडं वळला.

"चला मंडळी, आंघोळी करून घ्या."