हसऱ्या पिल्लाचं झबलं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता सांगणाऱ्यालाही आठवत नाही. तिथले आरसे मात्र आठवतात.

त्या राज्यात घरोघरी एकेक आरसा होता. एका आरशापुढे जे धरावं, ते साऱ्या आरशांत दिसे; जे बोलावं, ते ऐकू येई. कुणी अंगणातली रांगोळी दाखवी, कुणी नवा झोपाळा. बघणाऱ्याला आवडलं, की तो काचेवर टिचकी मारी. मग दाखवणाऱ्याच्या आरशाला बांधलेलं घुंगरू वाजे. ज्याच्या घरचं घुंगरू फार वाजे, त्याला लोक बाजारात वाट करून देत.

तिथंच वेणू राहायची. ती तान्ह्या बाळांची झबली शिवायची. हात कसबी, पण जीव चिमणीएवढा. मागून कुणी हाक मारली तरी दचकायची. त्यातून तिची एक तऱ्हा होती. घाबरली, की ती रडत नसे; सगळे दात दिसतील अशी हसत सुटे. लहानपणी उंबऱ्यात विंचू दिसला, तेव्हाही ती अशीच हसली होती.

तिची मावशी शेजारणींना सांगायची, "आमची वेणू फार हसायला लागली ना, की आधी पायाखाली बघा गं बायांनो!"

एके दिवशी एका व्यापाऱ्यानं आरशापुढे माकडाचं पिल्लू धरलं. ओंजळीत मावेल एवढं, अंगात लाल झबलं. पिल्लानं सगळ्यांकडे पाहिलं आणि दात दाखवले.

"अगं बाई, हसतंय बघ!" घराघरातून आवाज उठला. त्या दिवशी इतक्या टिचक्या पडल्या, की व्यापाऱ्याचं घुंगरू तुटायचं बाकी राहिलं.

मग काय, ज्याला त्याला पिल्लू हवं झालं. व्यापारी टोपल्या घेऊन गल्लोगल्ली फिरू लागला. वेणूच्या दारात झबल्यांसाठी रांग लागली. खूश होऊन व्यापाऱ्यानं तिलाही एक पिल्लू दिलं. वेणूनं त्याचं नाव ठेवलं ठकी.

ती ठकीला आरशापुढे धरी. कुणीतरी टिचकी मारी, घुंगरू वाजे, ठकी दात दाखवी. ते पाहून आणखी टिचक्या पडत, घुंगरू आणखी वाजे, ठकी आणखी दात दाखवी. आयुष्यात पहिल्यांदाच लोक वेणूला बाजारात वाट करून देऊ लागले. खरं सांगायचं तर तिला ते फार आवडलं.

पण एके सकाळी तिनं ठकीच्या अंगात झबलं घातलं आणि तिचा हात थबकला. वेणूनं शेकडो बाळांची मापं घेतली होती. लेकराचं झबलं महिन्याभरात आखूड होतं, काखेत रुततं. ठकीचं मात्र खांद्यावरून घसरत होतं. दुधाची वाटी कालचीच, तशीच भरलेली होती.

वेणू तडक व्यापाऱ्याकडे गेली.

"शेटजी, ठकी दूध पीत नाही. हिची आई कुठं आहे?"

"असेल रानात."

"मग तिनं हिला सोडलं कसं?"

व्यापारी टोपलीची दोरी आवळत म्हणाला, "माकडीण पोर सोडते होय कधी? जिवंत असेतो नाही सोडत. तू कशाला डोक्याला त्रास करून घेतेस? हे गेलं, तर दुसरं घेऊन जा."

ते ऐकून वेणू दोन पावलं मागं सरली. आणि ती हसली. सगळे दात दिसतील अशी.

"हां, अश्शी!" व्यापारी खुशीत म्हणाला. "ठकीसारखी हसत राहा बघू!"

वेणू घरी आली. ठकीला मांडीवर घेऊन आरशापुढे बसली. तेवढ्यात कुणीतरी टिचकी मारली आणि घुंगरू खणकन वाजलं. दोघी एकदमच दचकल्या. दोघींनी एकदमच दात दाखवले. एकाच काचेत दोन चेहरे, आणि दोन्हींवर तेच हसू.

त्या हसण्यामागे काय असतं, ते साऱ्या राज्यात एका वेणूलाच ठाऊक होतं.

तिनं आधी घुंगरू सोडून ठेवलं. मग साऱ्या राज्यासमोर तोंड उघडलं. आणि व्हायचं तेच झालं. तिला हसू फुटलं.

"मी हसतेय, दिसतंय ना?" ती म्हणाली. "मला भीती वाटतेय म्हणून हसतेय. मावशीला विचारा. ही ठकीसुद्धा अशीच हसते. तुमच्या मांडीवरची पिल्लंही. आपण टिचकी मारतो, ती घाबरतात. ती घाबरतात, म्हणून आपण टिचकी मारतो. आणि टिचकी पडते, म्हणून शेटजी रानात जातात. तिथं आईला मारल्याशिवाय पिल्लू हाती लागत नाही."

कुणी दोघातिघांनी सवयीनं टिचकी मारलीच. पण बाकीच्यांनी आपापल्या मांडीवर पाहिलं. झबलं सैल झालं होतं. काही घरांत तर नुसतं झबलंच उरलं होतं.

वेणू ठकीला घेऊन रानाच्या कडेला गेली. उंबरावर एक म्हातारी माकडीण बसली होती.

"हिची आई आता नाही," माकडीण म्हणाली. "पण माझ्या कुशीत जागा आहे. ते अंगातलं तेवढं काढ, म्हणजे हिला माझी ऊब लागेल."

वेणूनं स्वतः घातलेले टाके स्वतःच उसवले. ठकी म्हातारीच्या पोटाला घट्ट बिलगली. तिनं ना मागं पाहिलं, ना दात दाखवले. वेणूच्या मागून एकेक करत माणसं येतच होती, हातात पिल्लं घेऊन, खाली मान घालून.

व्यापाऱ्यानं पुढं आणखी एक पिल्लू आरशापुढे धरलं. दिवसभर धरून बसला. घुंगरू वाजलं नाही. शेवटी तेही पिल्लू म्हातारीकडे पोहोचलं आणि व्यापारी रिकाम्या टोपल्या उचलून राज्याबाहेर गेला. त्यानंतर त्याची पावलं रानाकडे वळली नाहीत.

म्हणून लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: मुक्या जिवाच्या भीतीला हसू समजून वाहवा करणारा हात, त्याला आईपासून तोडणाऱ्या हाताइतकाच दोषी असतो.