रामफळ, सीताफळ आणि एक ओटी

सरदार निंबाजीरावांच्या लेकीचं लग्न फाल्गुनात ठरलं आणि त्यांनी बागेत हुकूम धाडला, "लेकीची ओटी रामफळ-सीताफळांनी भरायची. जोडा राम-सीतेसारखा शोभला पाहिजे. एक जरी फळ चुकलं, तर माळणीने बाग सोडावी."

बागेत माळीण एकटीच राहत होती, म्हाळसा. तिच्या नवऱ्याला सरदारांनी लांबच्या गडावर पहाऱ्याला धाडलं, त्याला कित्येक पावसाळे उलटले होते. झाडांवाचून तिला बोलायला कोणी नव्हतं.

लग्नाच्या सकाळी तिने मांडवात सूप आणून ठेवलं. त्यात नुसती रामफळं होती.

"सीताफळ कुठाय?" सरदार गरजले.

"सरकार, रामफळ पिकतं तेव्हा सीताफळीवर पानसुद्धा नसतं. एका बागेत राहून दोघांची कधी गाठ पडत नाही. ज्याने ही नावं ठेवली, त्याने रामाचा दरबार नाही, सीतेचा वनवास बघितला असणार. तोच वनवास ताईसाहेबांच्या ओटीत घालायचा का?"

सरदारांनी मिशीवर हात फिरवला. "माझ्या हुकमाने होत नाही असं काही नाही. या दोघांनाही मी एकत्र आणीन."

"झाडांचं राहू द्या, सरकार. आमचे धनी तुमच्याच हुकमाने गडावर आहेत."

ओटी नारळाने भरली गेली आणि दुपारी सरदारांचा एक स्वार गडाकडे निघाला.

गड फार लांब आहे, हे म्हाळसाला ठाऊक होतं. तरी त्या संध्याकाळी तिने भाकऱ्या दोघांच्या थापल्या.