मारवेलीचा शेवटचा ठोंब

डोंगरापलीकडे पाऊस नेहमी हात राखूनच पडायचा, तिथल्या उतारावरची ही फार जुनी गोष्ट. त्या वर्षी मेंढ्यांनी सगळे गवत मुळापर्यंत ओरबाडले होते. दगडाच्या आडोशाला मारवेल गवताचा एकच ठोंब उरला होता. ढवळी मेंढीला तो दिसला, तेव्हा तिच्या कोकराला पाजायला दूध उरले नव्हते.

ती तोंड घालणार, तोच ठोंब म्हणाला, "बाई, वरची पाने खा. पण तुरे आठ दिवस राहू दे. बी अजून कच्चे आहे."

"तेवढ्यात माझे लेकरू गेले तर?"

"तुझे एक आहे गं. माझी सगळी या तुऱ्यांतच आहेत."

ढवळी थबकली. तिने पाने तेवढी खाल्ली, कोकराला घोटभर पाजले आणि ती ठोंबापुढे आडवी बसली. दुसऱ्या मेंढ्या आल्या की ती डोके रोखून उभी राहायची. आठ दिवस तिने वाळका पाला चघळून काढले. कोकरू हडकले, पण तगले.

नवव्या दिवशी वाऱ्याने बी उतारभर पसरले.

पुढच्या पावसाळ्यात उतार गुडघाभर हिरवा झाला. कळप आनंदाने आत शिरला. ढवळी मात्र कडेलाच उभी राहिली. पाय कुठे ठेवावा, हेच तिला कळेना. सगळी तिनेच राखलेली लेकरे होती.