फुगडीचा तुकडा

"मी अप्पांना काय कमी केलं, बुवा? तेवढं सांगा."

जनार्दनबुवा मठाच्या पडवीत केळीची पानं पुसत होते. पंगतीची वेळ झाली होती. त्यांनी मान वर केली नाही.

हेरंब क्षीरसागर बुवांचा जुना शिष्य. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कधीही न विसरणारा. घरच्यांसाठी त्यानं मीडिया सर्व्हर उभा केला होता. बाजार पालथा घालून यंत्र निवडलं, एक डिस्क बिघडली तर दुसरी असावी म्हणून दोन बसवल्या. सिनेमे, कीर्तनं, लग्नामुंजीच्या बुरशी चढलेल्या कॅसेटी, सगळं त्यात भरलं. ज्यानं त्यानं आपल्या टीव्हीवर हवं ते लावावं. कोण काय लावतंय ते मात्र हेरंबला मोबाइलवर दिसायचं. आणि तो बघायचा.

"वडील तडक ताईकडे निघून गेले, सांगलीला. माझा फोन घेत नाहीत. तुम्ही बोलवा, तुमचं ऐकतील."

"झालं काय?"

"एवढं भरून ठेवलंय, आणि हे रोज एकच लावायचे. आईचा मंगळागौरीचा व्हिडिओ. त्यातही ती फुगडी घालते तेवढाच तुकडा. पुन्हा मागे, पुन्हा तोच." हेरंबचा आवाज चढला. "परवा जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, अप्पा, तेच तेच काय बघता? बाकीचं कुणासाठी भरलंय? तर भरल्या ताटावरून उठले. माझं काय चुकलं?"

"आई जाऊन किती दिवस झाले?"

"दिवाळीत वर्ष होईल."

बुवांनी हातातलं पान पुसून पंगतीत मांडलं.

"पान मांडलंय. बस."

मठात बुवा स्वतः वाढत. वाढायचं आणि पुढच्या पानाकडे सरकायचं, ही तिथली रीत. त्या दिवशी मात्र हेरंबला वाढून झाल्यावर बुवांनी भांडं खाली ठेवलं आणि त्याच्या पानासमोर मांडी घालून बसले.

"आधी आमटी ओरपलीस?"

हेरंब कसनुसा हसला.

"भाताला हात नाही लावलास अजून."

"खातो, बुवा."

"पुन्हा वांग्याचीच भाजी?" बुवांचा आवाज पार टोकाच्या पानापर्यंत गेला. "मघाशीही तीच घेतलीस. तेच तेच काय खातोस? कोशिंबीर कुणासाठी केलीय?"

पंगतीतले लोक माना वळवून बघू लागले. कुणीतरी फिदकन हसलं. हेरंबच्या कानशिलांना आग लागली. घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. आपण इथं न्याय मागायला आलो, आणि हा म्हातारा चारचौघांत आपली शोभा करतोय.

"चाव नीट. घाई कसली..."

हेरंबनं पान पुढे ढकललं.

"माणसाला सुखानं दोन घास खाऊ द्याल की नाही? मी काय खातो, किती वेळा खातो, तुम्हाला काय करायचंय?"

बुवांवर आजवर कुणी आवाज चढवला नव्हता.

बुवा उठले. त्यांनी भांडं उचललं, पुढच्या पानाकडे वळले, आणि पाठमोरेच म्हणाले,

"तुझे अप्पा एवढंही न बोलता उठले."